कॉन्फरन्स सोडायची, तर चारचौघांत सोडा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये गेल्या काही वर्षांत जी पळापळ झाली, तिच्याबद्दल तिथले चाहते एक तक्रार हमखास करतात: खेळात राजकारण शिरलं आणि सगळं नासलं. मला हे निदान पटत नाही. या प्रकरणात राजकारण कमी पडलं, असं माझं मत आहे. उघड बैठक, नावानिशी नोंदवलेलं मत, विरोध करणाऱ्याला बोलायची संधी आणि ज्याचं नुकसान होणार त्याला काय देणार याचा हिशेब, हे जे लोकशाहीतलं राजकारण आहे, ते इथे जवळपास दिसलंच नाही. सगळं ठरलं ते फोनवर, बंद खोल्यांत, टीव्ही कंपन्यांच्या आणि वकिलांच्या सोयीनं. आणि ज्यांच्या वतीनं ठरलं त्यातली बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत, राज्यातल्या करदात्यांच्या पैशावर उभी राहिलेली.

टेम्पी, कॉलेज स्टेशन, वेस्ट लाफायेट ही नावं आता मराठी घरांना परकी राहिलेली नाहीत. एमएस करायला गेलेल्या मुलामुलींच्या पत्त्यांवर ती असतात. पण त्या गावांत शनिवारी ज्या खेळासाठी अख्खं गाव स्टेडियमकडे वळतं, त्याची व्यवस्था कशी चालते हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारपाजारच्या विद्यापीठांची संघटना. वेळापत्रक एकत्र आखायचं, नियम एकत्र करायचे, सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. सहकारी साखर कारखाना डोळ्यासमोर आणला तर हे चटकन कळेल. सगळ्यांचा ऊस एका कारखान्याला, भाव सगळ्यांना सारखा. आणि मोठ्या बागायतदारांनी ऊस दुसरीकडे वळवला की लहान सभासदांचा कारखाना गाळपाअभावी बसतो.

पॅक-१२चं नेमकं हेच झालं. १९१५ साली पोर्टलंडमध्ये कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि आजचं ओरेगॉन स्टेट या चौघांनी पॅसिफिक किनाऱ्यावरची ही कॉन्फरन्स स्थापन केली. मधे एकदा मोडून ती पुन्हा उभी राहिली, नावं बदलली, सभासद वाढले. ४ ऑगस्ट २०२३च्या सकाळी उरलेल्या नऊ विद्यापीठांचे प्रमुख ॲपलच्या प्रक्षेपण प्रस्तावावर सह्या करण्याच्या अपेक्षेनं एकत्र आले. लॉस एंजेलिसमधल्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी वर्षभर आधीच जायचं जाहीर केलं होतं, कोलोराडोनं आठवडाभर आधी. त्या सकाळी वॉशिंग्टन आणि ओरेगॉननं आपण बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं सांगितलं. दिवस संपेपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये गेली. चार जण मागे उरले आणि महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, गाठली. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या नावाच्या संघटनेत. उरली दोन: वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट.

वॉशिंग्टन स्टेट आहे पुलमन नावाच्या लहान गावात, राज्याच्या पूर्व टोकाला, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या टेकड्यांत. ओरेगॉन स्टेट आहे कॉर्व्हॅलिसमध्ये. दोन्ही 'लँड ग्रँट' विद्यापीठं. शेती, पशुवैद्यक, अभियांत्रिकी शिकवण्यासाठी उभारलेली. त्यांना मागे टाकून गेलेली दोन विद्यापीठं त्यांच्याच राज्यातली, त्याच विधिमंडळाकडून अनुदान घेणारी. ओरेगॉन आणि ओरेगॉन स्टेट १८९४पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. परक्यानं नुकसान करणं वेगळं आणि एकाच राज्याच्या दोन सरकारी संस्थांपैकी एकीनं दुसरीला रातोरात वाऱ्यावर सोडणं वेगळं. आणि त्यावर त्या राज्याच्या लोकप्रतिनिधींना आधी एक शब्दही बोलता येऊ नये?

ही वेळ का आली, ते समजायला १९८४पर्यंत मागे जावं लागतं. तोवर कुठल्या संघाचे किती सामने टीव्हीवर दिसतील हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवायची आणि तिनं त्यावर कडक मर्यादा घातली होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी तिला कोर्टात खेचलं. सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळी कोलोराडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. या निर्बंधांमागे शिक्षणाचा आणि हौशी खेळाचा हेतू आहे, त्यांना निव्वळ बाजारातल्या सौद्याच्या मापानं तोलू नका, असा त्यांचा रोख होता. निकाल कायद्याच्या दृष्टीनं चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर विक्रीचा हक्क ज्याच्या त्याच्या हाती आला आणि संपूर्ण खेळाचा विचार करायला जबाबदार असं कुणीच उरलं नाही. काही काळ बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र येऊन हक्क विकले. १९९०मध्ये नोत्र दामनं त्यातून बाहेर पडून एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार केला, पुढे दक्षिणेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स असलेल्या एसईसीनं सीबीएसशी केला आणि ती एकजूट संपली. व्यावसायिक लीगना एकत्रितपणे हक्क विकण्याची सूट १९६१च्या कायद्यानं दिलेली आहे; कॉलेजांना ती नाही. हा कायदा बदलावा अशी मागणी आता वॉशिंग्टन डीसीत होते आहे, आणि ती रास्त आहे.

त्यानंतर कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं हे टीव्हीचं गणित ठरवू लागलं. केबलच्या काळात महत्त्व घरांच्या संख्येला होतं. बिग टेननं २००७मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली. अशी वाहिनी एखाद्या शहराच्या केबल पॅकेजमध्ये शिरली की त्या शहरातलं प्रत्येक घर तिच्यासाठी महिन्याला काही रक्कम भरतं, सामना पाहो वा न पाहो. त्यामुळे २०१२च्या नोव्हेंबरमध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांना आमंत्रण गेलं. मैदानावरच्या पराक्रमापेक्षा वॉशिंग्टन डीसी आणि न्यू यॉर्क या बाजारपेठांची भुरळ त्यात मोठी होती. मेरीलँडनं एसीसी सोडण्यापोटी ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड केली. मग लोक केबल तोडू लागले आणि गणित फिरलं. न पाहणाऱ्याकडून पैसे मिळेनात, तेव्हा भाव आला तो लाखो लोक मुद्दाम लावून पाहतील अशा संघांना. टेक्सस, ओक्लाहोमा, यूएससी. पुलमनच्या प्रेक्षकांची निष्ठा कितीही असो, त्यांची संख्या कमी पडणारच होती.

टीव्ही कंपन्या या व्यवहारात फक्त गिऱ्हाईक आहेत, असं सांगितलं जातं. मला ते खरं वाटत नाही. बिग टेनच्या वाहिनीत फॉक्सची बहुसंख्य मालकी आहे. २०२३मध्ये वॉशिंग्टन आणि ओरेगॉनला सामावून घेण्यासाठी फॉक्सनं जादा पैशाची तयारी दाखवली, असं तेव्हा बातम्यांत आलं. २०२०च्या डिसेंबरमध्ये ईएसपीएननं एसईसीचे उरलेले महत्त्वाचे हक्क घेतले आणि पुढच्या जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत निघाल्याची बातमी फुटली. तेव्हाचे बिग १२चे कमिशनर, म्हणजे कॉन्फरन्सचे प्रमुख, बॉब बोल्सबी यांनी ईएसपीएनला जाहीर नोटीस धाडली, आमच्या सभासदांना फोडण्याचे उद्योग थांबवा म्हणून. ईएसपीएननं आरोप नाकारला. त्याआधी २०११मध्ये बॉस्टन कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी एसीसीच्या विस्ताराबद्दल बोलताना, काय करायचं ते ईएसपीएननंच सांगितलं अशा अर्थाचं विधान केलं आणि नंतर माफी मागितली. खुर्च्यांवरची माणसंही बदलली आहेत. पॅक-१२चे लॅरी स्कॉट महिला टेनिस संघटनेतून आले, त्यांच्यानंतरचे जॉर्ज क्लियावकॉफ कॅसिनो-हॉटेलांच्या एमजीएम कंपनीतून. बिग १२चे ब्रेट योरमार्क मनोरंजन व्यवसायातून, बिग टेनचे टोनी पेटिटी टीव्हीतून. त्यांच्या कुवतीबद्दल मला शंका नाही. पण पुलमनच्या विद्यार्थ्यांना किंवा कॉर्व्हॅलिसच्या करदात्यांना उत्तर देणं हे त्यांचं काम नाही. ते काम विद्यापीठाच्या अध्यक्षांचं, रीजेंट्सचं, म्हणजे नियामक मंडळाचं, आणि विधिमंडळाचं आहे.

राजकारण्यांनी हात घातला की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत आणि ती सगळी सुंदर नाहीत. १९९४मध्ये टेक्ससमधली साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडकळीला आली होती. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम मध्य-पश्चिमेतल्या बिग एटच्या आठ विद्यापीठांबरोबर जायला निघाली. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक टेक्सस टेकमध्ये शिकलेले आणि कायद्याची पदवी बेलरची. त्यांच्या वजनामुळे ही दोन विद्यापीठंही नव्या बिग १२मध्ये गेली. मागे उरली टीसीयू, एसएमयू, ह्यूस्टन आणि राइस. टीसीयूला बिग १२मध्ये शिरायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३. एसएमयूला २०२४मध्ये एसीसीनं घेतलं, तेही नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही या बोलीवर. राइस अजून बाहेरच आहे. बुलक यांनी दोघांना वाचवलं हे खरं. पण त्यांची शाळा म्हणून वाचवलं, आणि तेही खोलीत बसून. मी ज्या राजकारणाची बाजू घेतो आहे ते हे नव्हे.

२००३चं व्हर्जिनियाचं प्रकरण अधिक बरं होतं. एसीसीला मायामी, बॉस्टन कॉलेज आणि सिराक्यूज हवे होते. नऊ सभासद, सात मतं लागणार आणि ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात. म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका मतावर सगळं अडलं. गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी उघडपणे म्हटलं की राज्याच्या एका सरकारी विद्यापीठाच्या मतानं दुसऱ्याचं, म्हणजे व्हर्जिनिया टेकचं, नुकसान होता कामा नये. व्हर्जिनियानं ते मत राखून धरलं; सिराक्यूजचं नाव गळलं आणि व्हर्जिनिया टेक आत गेलं. त्याची झळ बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सला बसली, कनेटिकटनं खटलाही भरला. पण निदान त्या राज्यातल्या नागरिकाला कळलं की आपला गव्हर्नर कुणाच्या बाजूनं उभा आहे आणि का. पटलं नाही तर त्याला जाहीर जाब विचारता येत होता.

वीस वर्षांनी ओरेगॉनमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये असं काही झालं नाही. ओरेगॉनमध्ये पूर्वी राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचं एकच मंडळ होतं. २०१४च्या सुमारास ओरेगॉन आणि ओरेगॉन स्टेट यांना स्वतंत्र मंडळं मिळाली. मग एका मंडळानं दुसऱ्या विद्यापीठाची काळजी का करावी? ॲरिझोनात उलट. तिथे दोन्ही विद्यापीठं एकाच रीजेंट्स मंडळाखाली आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच कॉन्फरन्समध्ये गेली. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, हे मला मान्य आहे. एका मंडळाखाली असूनही कॅलिफोर्नियात फूट पडलीच. तरी दोघांची जबाबदारी एकाच टेबलावर असली तर प्रश्न निदान विचारला जातो.

कॅलिफोर्नियाचंच पाहू. या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे प्रकरण. २०२१च्या ऑगस्टमध्ये एसीसी, बिग टेन आणि पॅक-१२ यांनी 'अलायन्स' जाहीर केली होती. एसईसीच्या आक्रमणापुढे एकत्र राहू, एकमेकांवर विश्वास आहे, लेखी कराराची गरज नाही. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ला, त्याच बिग टेननं त्याच पॅक-१२मधून यूएससी आणि यूसीएलए उचलली. यूएससी खासगी आहे. यूसीएलए मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा, बर्कलीची सख्खी बहीण. रीजेंट्सनी असे अधिकार १९९१पासून त्या त्या शाखेच्या कुलपतींकडे सोपवलेले होते, त्यामुळे त्यांची परवानगी न घेता निर्णय झाला. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जाब मागितला. मग महिनोन्‌महिने रीजेंट्सच्या बैठकांत तो विषय आला. किती पैसा येणार, प्रवासाचा खर्च किती वाढणार, यूसीएलएच्या क्रीडा विभागाची १० कोटी डॉलरहून मोठी तूट कशी भरणार, बर्कलीचं किती बुडणार, हे आकडे लोकांसमोर मांडले गेले. १४ डिसेंबर २०२२ला मतदान झालं, ११ विरुद्ध ५. यूसीएलएला जाऊ दिलं, पण अटींवर: खेळाडूंचा आहार, मानसिक आरोग्य, अभ्यासातली मदत यांवर जादा खर्च करायचा आणि बर्कलीला दर वर्षी २० लाख ते १ कोटी डॉलर द्यायचे. पुढे ती रक्कम १ कोटी ठरली.

ज्यांना उघड सुनावणीची भीती वाटते त्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. सौदा मोडला नाही. बिग टेननं आमंत्रण मागे घेतलं नाही. फक्त जाणाऱ्याला मागे राहणाऱ्याची भरपाई करावी लागली आणि कुणी कुठल्या बाजूनं मत दिलं ते नोंदलं गेलं. ही अट ओरेगॉनला आणि वॉशिंग्टनला का लागू नव्हती? तिथे विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

पुलमन आणि कॉर्व्हॅलिसला जे थोडं मिळालं ते कोर्टात. दोघांनी पुलमनजवळच्या कॉलफॅक्स गावातल्या काउंटी कोर्टात दावा लावला की निघून गेलेले दहा जण कॉन्फरन्सच्या मालमत्तेवर मत देऊ शकत नाहीत. यूएससी आणि यूसीएलएनं जायचं जाहीर केलं तेव्हा कॉन्फरन्सनं स्वतःच त्यांना संचालक मंडळातून वगळलं होतं. तेव्हा त्या वगळण्याला राजी असलेली विद्यापीठं आता स्वतः निघाल्यावर उलट बोलत होती. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये दोघांच्या बाजूनं आदेश दिला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या महिन्यात त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्या निकालाच्या जोरावर पॅक-१२चं नाव आणि तिजोरी वाचली आणि पुढे बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदींना बोलावून कॉन्फरन्स पुन्हा उभी करता आली. मागे उरलेल्या दोन विद्यापीठांनी उघड न्यायालयात कागद ठेवले आणि जिंकले. तरी गेलेला पैसा परत आला नाही. २०२५मध्ये वॉशिंग्टन स्टेटनं आपल्या ॲथलेटिक्स संघातले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले. भालाफेक करणाऱ्या मुलीला किंवा उंच उडी मारणाऱ्या मुलाला टीव्ही हक्कांच्या सौद्यात कुणी विचारलं होतं?

पॅक-१२ स्वतःच्या चुकांनीही बुडाली, हे इथं सांगायला हवं. तिनं कुणालाही भागीदार न करता स्वतःची वाहिनी काढली आणि डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या कंपनीशी तिचा करार कधीच झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत महागडं कार्यालय थाटलं, कमिशनरला वर्षाला ५० लाख डॉलरच्या आसपास पगार दिला. २०२१मध्ये बिग १२ डळमळत होती तेव्हा तिच्यातल्या सभासदांना घ्यायला पॅक-१२च्या अध्यक्षांनी नकार दिला. पुढे ईएसपीएनकडून दर विद्यापीठामागे वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर मिळत असताना ५ कोटी मागितले, अशी बातमी होती. योरमार्क तोवर बिग १२साठी ईएसपीएन आणि फॉक्सशी करार करून मोकळे झाले होते. पण हे निर्णय कुठे झाले? बंद बैठकीत, प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना, आमदारांना पत्ता न लागू देता. गुप्ततेमुळे शहाणपणाचे सौदे होतात असा जो दावा केला जातो, त्याला पॅक-१२ हे सगळ्यात मोठं उत्तर आहे. चार बाहेरच्या माणसांनी प्रश्न विचारले असते तर ५ कोटींचा आकडा टिकला असता असं मला वाटत नाही.

गुप्ततेची हद्द पाहायची तर फ्लोरिडाकडे जावं. 'ग्रँट ऑफ राइट्स' नावाचा करार असतो: विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. सोडून गेलं तरी हक्क मागेच राहतात. एसीसीच्या सभासदांनी २०१३मध्ये असा करार केला आणि २०१६मध्ये तो २०३६पर्यंत वाढवला. २०२३मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ एकही सामना न हरता १३ जिंकला, तरी चार संघांच्या अंतिम फेरीत त्याची निवड झाली नाही. त्या डिसेंबरात विद्यापीठानं एसीसीवर दावा ठोकला. बाहेर पडायला एकूण ५७ कोटी २० लाख डॉलर लागतील असा त्यांचा हिशेब. आणि या दाव्यातून लोकांना कळलं की ईएसपीएनबरोबरचा जो करार २०३६पर्यंतचा समजला जात होता, तो प्रत्यक्षात २०२७पर्यंतचा होता; पुढची नऊ वर्षं घ्यायची की नाही ते एकट्या ईएसपीएननं ठरवायचं होतं. मूळ करार एसीसीच्या शार्लटमधल्या कार्यालयात ठेवलेला, सभासदांच्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन वाचायचा. सरकारी विद्यापीठाकडे स्वतःच्या कराराची प्रत नाही! फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलना हे कागद मिळवायला २०२४मध्ये एसीसीवर स्वतंत्र खटला भरावा लागला.

नगरपालिकेनं वीस वर्षांचा पाण्याचा ठेका द्यावा आणि नगरसेवकांनी तो ठेकेदाराच्या कचेरीत जाऊन वाचावा, हे आपण खपवून घेतलं असतं का? शेवटी मार्च २०२५मध्ये तडजोड झाली. पैशाचं वाटप आता बऱ्याच अंशी प्रेक्षकसंख्येवर होणार आणि बाहेर पडण्याची रक्कम दर वर्षी कमी होत २०३०-३१पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येणार. म्हणजे दार किलकिलं ठेवलं आहे आणि कधी उघडेल तेही जाहीर आहे.

या सगळ्याचं समर्थन करणाऱ्यांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, जिम्नॅस्टिक्स, हॉकी, मुलींचे बहुतेक संघ चालतात. तो पैसा बुडाला तर आधी हेच खेळ बंद होतील. यूसीएलएनंही हाच युक्तिवाद केला होता. त्यात तथ्य आहे. शिवाय जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या समझोत्यानुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. ती झाल्यामुळे पैशाची तहान आणखी वाढली, हेही खरं. पण ज्या खेळांच्या नावानं हा पैसा मागितला जातो, त्यांचीच सगळ्यात जास्त ओढाताण होते आहे. फुटबॉलचा संघ वर्षाकाठी मोजक्या वेळा, खास विमानानं, शनिवारच्या सामन्याला जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्यांचे सामने त्याहून कितीतरी जास्त आणि बरेचसे कामाच्या दिवशी. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचं म्हणजे जवळपास ४,००० किलोमीटर आणि तीन तासांचा काळफरक. बुधवारी प्रयोगशाळेत हजेरी, गुरुवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना. फुटबॉल आणि इतर खेळ वेगळे करा, फुटबॉल देशभर खेळा आणि बाकीचे शेजाऱ्यांशी, अशी सूचना अनेक प्रशिक्षकांनी केली आहे. मला ती पूर्ण पटते. तिच्यावर गंभीर चर्चा होत नाही, कारण ज्या खोलीत निर्णय होतात तिथे व्हॉलीबॉलची मुलगी बसलेली नसते.

दुसरा आक्षेप असा की राज्याराज्यांनी अडथळे घातले तर सरकारी विद्यापीठं मागे पडतील आणि खासगी पुढे जातील. पण बिग टेन आणि एसईसीमध्ये बहुसंख्य सरकारी विद्यापीठंच आहेत. ती सगळी एकाच नियमाखाली आली तर कुणी मागे पडायचा प्रश्न येत नाही.

वाट दाखवणारं एक उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचं आहे. तिथल्या राज्य विद्यापीठ व्यवस्थेच्या मंडळानं २०२४च्या सुरुवातीला नियम केला की एखाद्या विद्यापीठाला कॉन्फरन्स बदलायची तर आधी व्यवस्थेच्या अध्यक्षांना कळवायचं, आर्थिक आराखडा सादर करायचा आणि मंजुरी घ्यायची. चॅपल हिलचं विद्यापीठ उद्या एसीसी सोडून निघालं तर त्याच राज्यातल्या एनसी स्टेटचं काय, हा प्रश्न त्यामुळे विचारला जाईल. मला एवढ्यानं समाधान नाही. आराखडा लोकांसमोर यायला हवा, सुनावणी उघड हवी, त्यात महिला संघांच्या प्रवासाचा आणि बुडणाऱ्या तासांचा हिशेब हवा, आणि राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचं नुकसान होत असेल तर भरपाईची रक्कम त्याच ठरावात लिहिलेली हवी. प्रक्षेपण कराराची प्रत विद्यापीठाकडे असलीच पाहिजे आणि माहितीच्या कायद्याखाली ती मागता आली पाहिजे. व्यापारी गुपित म्हणून फार तर एखादा आकडा झाका, मुदत आणि अटी झाकू नका.

बिग टेनचा सध्याचा टीव्ही करार २०३०मध्ये संपतो, बिग १२चा त्यानंतर वर्षानं. एसीसीतून बाहेर पडण्याची रक्कम तेव्हाच सगळ्यात खाली आलेली असेल. पुढची पळापळ कधी होणार हे त्यामुळे कुणापासून लपलेलं नाही, आणि तिची बोलणी त्याच्या एकदोन वर्षं आधीच सुरू होतील. सिॲटलच्या आसपास आज हजारो मराठी कुटुंबं राहतात, त्यातली अनेक तिथली मतदार आहेत आणि त्यांची मुलं यूडब्ल्यूत, म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठातही शिकतात आणि पुलमनलाही. आपल्या भागातल्या आमदाराला त्यांनी एवढंच विचारावं की यूडब्ल्यू पुढच्या वेळी कुठला करार करेल तेव्हा तो राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियात, विधिमंडळाच्या समितीसमोर, सही होण्याआधी मांडला जाईल का. ओरेगॉनच्या मतदारांनी हेच आपल्या राजधानीत, सेलममध्ये विचारावं. दोन्ही विधिमंडळांची अधिवेशनं दर वर्षी भरतात आणि असा कायदा करायला २०३०पूर्वी वेळ पुरेसा आहे.